कामाचा शीण मोजायचा कसा?

बर्नआउट : कामाच्या दीर्घकाळ न निवळलेल्या ताणातून येणारी अवस्था. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये (2019) ती आजार म्हणून नव्हे, व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवली आहे.

मास्लाक प्रश्नावली (1981) : सर्वाधिक वापरातली. 22 विधाने, प्रत्येकाला 0 ते 6 गुण. विधानांची विभागणी : भावनिक थकवा 9, माणसांविषयी कोरडेपणा 5, कामातली कृतार्थता 8. कृतार्थतेचे गुण उलटे वाचायचे : कमी गुण म्हणजे त्रास जास्त. तिन्हींची एकत्र बेरीज करत नाहीत.

कोपनहेगन प्रश्नावली (2005) : 19 प्रश्न. तीन भाग : व्यक्तिगत, कामाचा आणि सेवार्थींमुळे येणारा थकवा.

मराठीत आणताना : आधी मराठी भाषांतर, मग दुसऱ्या व्यक्तीकडून ते पुन्हा इंग्रजीत, मग ते मुळाशी ताडून पाहणे. तेवढ्याने भागत नाही. छोट्या गटावर चाचणी हवीच. परदेशी गटांवरून ठरलेल्या ‘कमी-जास्त’च्या सीमारेषा इथे तशाच लावता येत नाहीत.

पुण्याजवळच्या मुठा खोऱ्यात आशाताईंना विचारताना : डोंगरी भागात आरोग्य उपकेंद्राचा निकष 3,000 लोकसंख्या, सपाटीवर 5,000. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांची आशा योजना 2005 पासून. आशाताई स्वयंसेविका गणल्या जातात, कामागणिक मोबदला मिळतो. म्हणून ‘पगार’, ‘साहेब’, ‘ऑफिस’ गृहीत धरणारे प्रश्न त्यांना लागू पडत नाहीत. वाड्यावस्त्या चढून आलेला शीण आणि मनाचा शीण वेगवेगळा विचारावा लागतो.