मोडलेली मांडी, हलता गुडघा

गाडीची धडक बसलेला कुत्रा आणला की सगळ्यांची नजर लोंबणाऱ्या पायावर जाते. पशुवैद्यक मात्र आधी छाती तपासतात. ज्या धडकेनं मांडी मोडली, तिनंच फुप्फुसाला मार बसलेला असू शकतो, मूत्राशयही फुटलेलं असू शकतं. ते न पाहता भूल दिली तर जनावर टेबलावरच दगावायचं. हाड एक-दोन दिवस थांबू शकतं.

मी पाहिली ती शस्त्रक्रिया एका तरण्या गावठी कुत्रीची. मांडीचं हाड मधोमध मोडून टोकं एकमेकांवर चढली होती. अशा वेळी प्लास्टर का घालत नाहीत, असं पुष्कळजण विचारतात. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे जखडले तरच प्लास्टर कामाचं. इथं वरचा सांधा खुब्याचा. तो प्लास्टरनं नीट जखडता येत नाही, आणि पायाला लटकणाऱ्या त्या ओझ्यानं टोकं उलट जास्तच हलतात.

छेद मांडीच्या बाहेरच्या अंगाला घेतला. दोन मोठ्या स्नायूंच्या फटीतूनच डॉक्टर आत गेल्या, त्यामुळे रक्त फारसं आलं नाही. वेळ गेला तो टोकं जागेवर आणण्यात. आखडलेले स्नायू भुलीतही दाद देत नाहीत, आणि धसमुसळेपणा केला तर हाडाला नवी चीर जाते. डॉक्टरांनी दोन्ही टोकं कोनात वर उचलली, कडेला कड टेकवली आणि दाबत दाबत सरळ केली. हाडाच्या मागून एक खरबरीत रेघ जाते. वरची आणि खालची रेघ एका ओळीत आली, म्हणजे पाय पिळलेला नाही.

मग पोकळीत स्टीलची पिन आणि बाजूला प्लेट, भंगाच्या दोन्ही अंगांना ३-३ स्क्रू. नुसती पिन स्वस्त पडते; ती हाडाला वाकू देत नाही, पण पीळ पडू लागला तर तिचा इलाज चालत नाही. प्लेट बसवताना हाडाला चिकटलेले स्नायू डॉक्टरांनी जराही खरवडले नाहीत. मोडलेल्या हाडाला बरंचसं रक्त तिथूनच मिळतं.

हाड इतकं घट्ट धरायचं ते सांधा लगेच हलवता यावा म्हणून. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेल्या एओ या सर्जनांच्या गटानं माणसांच्या शस्त्रक्रियेत हाच आग्रह धरला, तो पुढे जनावरांकडे आला. वाढत्या वयाच्या कुत्र्याचा पाय ताठ राहिला तर मांडीचा पुढचा स्नायू आखडून हाडाला चिकटतो आणि गुडघा कायमचा वाकेनासा होतो. एक्स-रेमध्ये हाड सुरेख जुळलेलं, आणि पाय निकामी!

म्हणून पहिल्या दिवसांपासून गुडघा हळुवार वाकवायचा, सरळ करायचा. फिरणं पट्ट्यावर, तेही थोडंच. उड्या, जिने बंद. हे साधारण ६ ते ८ आठवडे. रस्त्यावरच्या कुत्र्याला एवढे दिवस कोण सांभाळणार? जिथं जागाही नाही आणि माणूसही नाही, तिथं पाय काढून टाकणं मला जास्त दयेचं वाटतं. तीन पायांवर कुत्री चांगली धावतात. या कुत्रीला रोज खाऊ घालणाऱ्या काकूंनी मात्र तिला घरी न्यायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी त्यांचा हात धरून गुडघा किती वाकवायचा ते दाखवलं, मग त्यांच्याकडून पुन्हा करून घेतलं.