तेल गळते कोठून?

धंतोलीतल्या गॅरेजातून माझी मोटारसायकल दुरुस्त होऊन आली आणि दुसऱ्याच सकाळी फरशीवर तेलाचा डाग! थेंब ड्रेन बोल्टवरून पडत होता. मग बोल्टच आवळायचा? थांबा. तेल गुरुत्वाने खाली आणि वाऱ्याने मागे सरकते. उगम बहुधा वर, पुढे असतो.

थंड इंजिन पुसून कोरडे केले, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि ते पाच मिनिटे जागेवरच चालवले, म्हणजे वारा नको. तापल्यावर तेलाची श्यानता घटते, ते बारीक फटीतूनही झिरपते. पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटली, ती टॅपेट कव्हरपासून निघालेली! आतले रबरी कडे जुनेच, कडक झालेले. मऊ रबरच दाबाखाली खाचा भरून काढते. बोल्ट आवळत बसलो असतो, तर आटे मात्र गेले असते.