टीबीची नवी गोळी प्रयोगशाळेत कशी पारखली

टीबीवर नवं औषध आलं अशी बातमी आली, की वस्तीत दोन प्रश्न हमखास येतात. शोधायला इतकी वर्षं का लागली? आणि ते आपल्याला मिळणार का? बेडाक्विलिनची हकीकत सांगितली तर दोन्हींची उत्तरं मिळतात. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या, म्हणजे एमडीआर टीबीवर आज हीच महत्त्वाची गोळी आहे.

टीबीचा जंतू फार संथ. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ एक दिवस लागतो. प्रयोगशाळेत त्याची वाढ डोळ्यांना दिसायला आठवडे जातात. शिवाय तो हवेतून पसरतो, म्हणून खास बंदिस्त प्रयोगशाळा हवी. अशाने हजारो रसायनं तपासणार कधी? यानसेन कंपनीचे बेल्जियमचे शास्त्रज्ञ कोएन आंद्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबीच्या चुलतभावाला हाताशी धरलं. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस त्याचं नाव. झटपट वाढणारा, सहसा कुणाला आजारी न पाडणारा. त्याला रोखणारी रसायनं हाती लागल्यावर मग खऱ्या टीबीच्या जंतूशी गाठ.

अशी पारख दिसायला साधी असते. लहान लहान खळग्यांच्या ताटलीत जंतूंचं पाणी घ्यायचं. पहिल्या खळग्यात औषध जास्त, पुढच्यात निम्मं, त्यापुढच्यात त्याच्याही निम्मं. पाणी गढूळ झालं तर जंतू वाढला, स्वच्छ राहिलं तर थांबला. जितक्या कमी औषधात पाणी स्वच्छ, तितकं ते प्रभावी. पण जंतू तर फिनेलही मारतं, ते कुणी पितं का? म्हणून पुढे उंदरांवर आणि मग माणसांवर चाचण्या. इथेच वर्षं जातात.

संशोधकांनी आणखी एक केलं. या औषधाला न जुमानणारे जंतू मुद्दाम वाढवले आणि त्यांच्यात काय बदललं ते शोधलं. बदल सापडला जंतूला शक्ती पुरवणाऱ्या यंत्रात. म्हणजे औषध ही गिरणीच बंद पाडतं. जुनी औषधं तिथे घाव घालत नव्हती, म्हणून त्यांना पचवलेला जंतूही याच्या तावडीत येतो. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेत मंजुरी मिळाली डिसेंबर २०१२ मध्ये.

आधीच्या उपचारात महिनोन्महिने इंजेक्शनं असत. आम्ही नर्सेसनी ती दिली आहेत आणि त्यापायी लोकांचे कान गेलेलेही पाहिले आहेत. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांचीही श्रवणशक्ती टीबीच्या उपचारात गेली. कंपनी या गोळीवरची मक्तेदारी लांबवू पाहत होती, त्याला या दोघींनी भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि इतर कंपन्यांना स्वस्तात गोळी बनवायची वाट मोकळी झाली. सरकारी टीबी कार्यक्रमात ती मोफत मिळते. २०२४ मध्ये केंद्राने बेडाक्विलिनसह चार औषधांचा, बिनइंजेक्शनचा सहा महिन्यांचा उपचारही मंजूर केला. तो आपल्या रुग्णाला चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

ही गोळी शरीरात महिनोन्महिने रेंगाळते. रुग्णाने मध्येच सगळी औषधं सोडली, तर बाकीची लवकर निघून जातात आणि ही एकटीच उरते. मग प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवला तसला जंतू आपल्याच छातीत तयार होऊ शकतो. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून ईसीजी काढतात, तो चुकवू नका. धडधड किंवा चक्कर वाटली तर त्याच दिवशी केंद्रावर जा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.