पाठीवरचं ओझं कमरेने पेलायचं



मागच्या व्याख्यानानंतर आपल्या एरंडोलची काही तरुण मंडळी आमच्याभोवती जमली. डिसेंबरात त्यांना बागलाणात जायचं आहे. साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मुक्काम करत चार दिवस. साल्हेर म्हणजे १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. त्यांचा प्रश्न होता, "सर, टिकेल अशी सॅक कोणती घ्यावी?" तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला हे विचारावं याचं आम्हाला हसू आलं. पण चुकीची सॅक काय करते, हे आमच्या उजव्या हाताला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आज तेच बोलू.

काही वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही वणीच्या गडावर पायी निघालो. पारोळा, धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी ही वाट तुम्हाला माहीत आहे. खानदेशातून हजारो माणसं सप्तशृंगीला अशी चालत जातात. बहुतेकांचं सामान टेम्पोत असतं. आम्ही मात्र ठरवलं, आपलं ओझं आपणच वाहायचं. विचार चांगला होता, सॅक वाईट होती. ७० लिटरची, जाड कापडाची, आतून मात्र नुसतं पोतं. जागा दिसली की माणूस भरतोच. पाण्यासकट १४ किलो झालं. पारोळा ओलांडलं आणि उजवा खांदा बधिर. धुळ्याच्या अलीकडे पट्टाच निसटला. पुढे महिनाभर बोटांना मुंग्या येत होत्या. डॉक्टर म्हणाले, खांद्यावरून हातात जाणाऱ्या नसा दबल्या. अजून दोन दिवस तसेच चालला असतात तर हात उचलणं अवघड झालं असतं.

पट्टा शिवून दिला रस्त्याकडेच्या एका चर्मकार दादांनी. ते म्हणाले, "सर, कापड फाटत नाही हो. सुटते ती शिलाई." शाळेची शंभर दप्तरं पाहा, बहुतेक तिथेच गेलेली असतात, जिथे पट्टा पाठीला जोडलेला असतो. आमचं कापड अगदी शाबूत होतं!

इथे आम्हाला 'मिलिंदपञ्ह' आठवतो. नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? एकेक भाग बाजूला काढला की 'रथ' नावाचं वेगळं काही हाती लागत नाही. सॅक घेताना हीच युक्ती वापरा. वरचं नाव बाजूला ठेवा आणि एकेक भाग विचारात घ्या.

पहिला भाग सांगाडा. पूर्वी ॲल्युमिनियमची चौकट सॅकच्या बाहेर असे. १९६७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ग्रेग लो या गिर्यारोहकाने ती आत आणली. आत पाठीलगत ॲल्युमिनियमच्या एक-दोन पट्ट्या किंवा ताठ प्लास्टिकचा पत्रा असतो. त्याचं काम एकच, वजन खाली कंबरपट्ट्यावर पोचवणं. पाठ घडी पडल्यासारखी वाकत असेल तर सांगाडा नावापुरता आहे. कंबरेची हाडं आणि मांड्या ओझं पेलायला मजबूत असतात, खांदा नसतो. खांदापट्ट्यांनी सॅक फक्त पाठीला धरून ठेवायची.

दुसरं, माप. मान खाली घाला. मानेच्या तळाशी जे हाड ठळक लागतं, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत शिंप्याच्या टेपने पाठ मोजून घ्या. उंच माणसाची पाठ लांबच असते असं नाही, त्यामुळे उंचीवरून अंदाज करू नका. पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी सॅक मिळाली तर उत्तम.

तिसरं, शिलाई आणि बक्कल. पट्ट्यांच्या जोडावर जवळजवळ मारलेले आडवे-उभे दाट टाके दिसले पाहिजेत. कापडाचा डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. अंगाला २१० चालतो, तळाला ४२० किंवा जास्त हवा, कारण खडकावर तळच घासतो. बक्कल बदलता येतं का, तेही विचारा. शिवून घट्ट बसवलेलं बक्कल तुटलं की सगळी सॅक अडते. चेन ओढून पाहा, कोपऱ्यावर अडकते का.

चौथं, आकार. तंबू आणि स्लीपिंग बॅगसकट चार दिवसांना ५० ते ६० लिटर पुरतं. मुक्कामाची सोय असेल तर ४० बस्स. ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा. ६० किलोच्या माणसाला १२ किलो, आणि त्यात दीड-दोन किलो सॅकचंच. पाणी लिटरला एक किलो, हेही विसरू नका.

आता दुकानात काय करायचं? घरून पाण्याच्या बाटल्या आणि जुनी पुस्तकं मिळून दहा किलो घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू द्या. सगळे पट्टे सैल करा. आधी कंबरपट्टा हाडांवर बसवून आवळा, मग खांदापट्टे, मग खांद्यावरचे छोटे ओढपट्टे, शेवटी छातीचा. पंधरा-वीस मिनिटं जिना चढा-उतरा. मग खांदापट्टे थोडे सैल करा. सॅक कमरेवरच राहिली तर ती तुमची. खांद्यांना ओढली तर परत ठेवा, कितीही स्वस्त असली तरी.

घरी आणल्यावर जड वस्तू पाठीलगत, मधल्या उंचीला ठेवा. आतून प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, सामान कोरडं राहतं. पावसाळ्यात सॅक ओली कोंबून माळ्यावर टाकू नका. आतला लेप चिकट होऊन पापुद्रे सुटतात, आणि चांगली सॅक न वापरताच म्हातारी होते.

पुढच्या चैत्रात आम्ही पुन्हा गडावर निघालो तेव्हा आमच्या पाठीवर ४० लिटर आणि ८ किलो होतं. दोन्ही हात धड घेऊन नांदुरीला पोचलो. आधीच्या वेळी सोबत नेलेल्यातलं बरंच घरी ठेवलं होतं, आणि वाटेत त्यातल्या कशाचीही आठवण झाली नाही.

मंडळी, बागलाणात जाण्याआधी एक संध्याकाळ भरलेली सॅक घेऊन पद्मालयापर्यंत चालून या. काय दुखतं ते तिथेच कळेल, आणि तिथून घरी परतता येतं. आता प्रश्न विचारा.