मे महिन्यातलं ‘शटडाऊन’

मे महिना सरत आलेला, अंगाची लाही लाही होत असलेली, आणि म्हसा-मुरबाड-शहापूर पट्ट्यात सकाळीच लाइट जाते. ‘ना वारा, ना पाऊस, मग आता काय झालं?’ हा सवाल दर उन्हाळ्यात ठरलेला. त्या दिवशी बहुतेक वेळा महावितरणनेच जूनच्या तयारीसाठी फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे येणारी वाहिनी, बंद ठेवलेला असतो.

तारांवर आलेल्या फांद्या छाटायच्या, झोल पडलेल्या तारा ताणायच्या, कलंडलेले खांब सरळ करायचे, डीपीचं अर्थिंग तपासायचं. यात सर्वांत फसवी वस्तू म्हणजे चिनीमातीचा इन्सुलेटर. तार खांबाला टेकू न देणं हे त्याचं काम. उन्हात तापलेल्या इन्सुलेटरवर पहिल्या सरीचे गार थेंब पडले की तो तडकतो. भेगेत पाणी शिरतं, वीज खांबावाटे जमिनीत उतरते आणि उपकेंद्रातला ब्रेकर अख्खा फीडर बंद करतो. बिघाड एका खांबावर, अंधार गावोगाव! केसाएवढी भेग खालून दिसत नाही. मग लाइनमन भर पावसात, बॅटरीच्या उजेडात, रानातून आणि शेताच्या बांधांवरून खांबामागून खांब तपासत जातात. दुरुस्तीपेक्षा शोधातच जास्त वेळ जातो.

सापडल्यावरही लगेच चढता येत नाही. उपकेंद्राकडून परमिट घ्यायचं, तारेत वीज नसल्याची खात्री करायची, मग ती अर्थ करायची. कारण एखाद्या घरातला जनरेटर चुकीचा जोडलेला असेल, तर बंद तारेतही उलटी वीज येते.

पावसाळ्याशी झुंज महावितरणच्या पाचवीलाच पुजलेली. कंपनीची स्थापना ६ जून २००५ची. पन्नास दिवसांतच २६ जुलैचा महापूर आला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडमध्ये हजारो खांब आडवे केले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मात्र वादळ नव्हतं. शहापूरशेजारच्या भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याहून कळव्याला जाणारी ४०० केव्हीची एक वाहिनी दुरुस्तीसाठी बंद होती. दुसरी ट्रिप झाली आणि मुंबई-ठाण्याची वीज गेली. देखभालीसाठी लाइन बंद करतानाही पर्यायी वाट शाबूत आहे ना, हे बघावं लागतं ते यासाठी.

मोठ्या बिघाडानंतर क्रमही ठरलेला: आधी उपकेंद्राला वीज आणणारी वाहिनी, मग फीडर, त्यातही दवाखाने आणि पाणीपुरवठा, नंतर डीपी, शेवटी एकेका घराची तक्रार. फीडरच्या टोकाला असलेल्या पाड्यांना म्हणूनच जास्त थांबावं लागतं. तार तुटून पडलेली दिसली, तर जवळ न जाता, गुरांनाही जाऊ न देता १९१२ला कळवायचं. तेवढ्याने पथकाचा निम्मा शोध वाचतो.