दगडफूल : एक नाव आणि त्यामागील वन

सोलापूरच्या बाजारात काळ्या मसाल्याचे जिन्नस घेताना मराठी गिऱ्हाईक 'दगडफूल' मागते. कन्नड घरात त्यालाच 'कल्लु हूवु' म्हणतात, तर तेलुगू घरात 'राति पुव्वु'. अर्थ तिन्ही नावांचा एकच. संस्कृतातही 'शिलापुष्प' व 'शैलेय' ही नावे आहेतच. भाषाकुले दोन आणि कल्पना एक; ती कोणी कोणाकडून घेतली हा प्रश्न मोहक खरा, परंतु येथे त्याच्या मागे जाण्याचे प्रयोजन नाही. हे नाव जे सांगते ते बहुतांशी खरे नाही, ही गोष्ट अधिक विचारणीय आहे.

गेल्या हिवाळ्यात नान्नजच्या माळावरील एका निसर्गफेरीत प्रस्तुत लेखक सामील झाला होता. मंडळी आली होती माळढोकाच्या आशेने. तो अर्थातच दिसला नाही. मार्गदर्शक तरुणाने एका काळ्या दगडावरील करड्या-पिवळट चट्ट्यांकडे बोट करून "हे शेवाळ" असे सांगितले. तेव्हा एक वयस्क बाई म्हणाल्या, "शेवाळ कसलं, बाळा? दगडफूल असेल ते. पण मसाल्यातलं असं चिकटून नसतं, पानासारखं सुटं असतं."

बाईंचे निरीक्षण अचूक होते. दगडास खपलीप्रमाणे चिकटणारे प्रकार माळावरच्या उन्हातही तग धरतात. मसाल्यातील पानासारखा प्रकार मात्र सह्याद्री व हिमालयाच्या दमट वनांतून येतो, आणि तेथे तो प्रामुख्याने झाडांच्या सालीवर वाढतो. म्हणजे ज्यास आपण दगडाचे म्हणतो ते बहुधा झाडाचे असते. फूल तर ते नव्हेच. किंबहुना ती एक वनस्पतीही नव्हे. कवक व शैवल यांचा तो एकत्र संसार आहे : कवक घर व ओलावा पुरविते, शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये हे प्रथम मांडले, तेव्हा या विषयातील जाणत्यांनीच त्यास कडाडून विरोध केला. विरोधकांत अग्रभागी असलेल्या निलँडर यांनी गंमत अशी की आदल्याच वर्षी, १८६६ मध्ये, पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानात हे जीव शहराच्या इतर भागांपेक्षा चांगले वाढतात, सबब ते हवेच्या शुद्धतेचे माप होत, असे दाखवून दिले होते. दोन जीवांची गोष्ट त्यांनी अखेरपर्यंत मानली नाही. मुळे नसल्यामुळे या जीवास पाणी व क्षार पाऊस, दव आणि धूळ यांतूनच मिळतात. हवेतील गंधकाचा विषारी वायूही त्याच वाटेने आत शिरतो. वाढ अत्यंत मंद, बहुधा वर्षास काही मिलिमीटर. मसाल्यात पडणारी मूठभर पाने ही वनाची कित्येक वर्षांची कमाई असते, हे 'दगडफूल' या नावावरून कोणाच्याही ध्यानात येणार नाही. दगडाचे काय, तो कोठेही पडलेला असतो!

मग नाव बदलावे काय? शास्त्रीय मराठीत 'शैवाक' ही संज्ञा आहे. शैवल आणि कवक या दोहोंची खूण तिच्या घडणीतच दिसते. ती चांगलीच आहे. तथापि निसर्गफेरीत ती प्रथम उच्चारली की श्रोते मान डोलावतात आणि विसरतात. 'लायकेन'चीही तीच गत. मूळचे सोलापूरचे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी पक्ष्यांच्या वसाहतींसाठी 'सारंगागार', 'काकागार' असे शब्द रूढ केले खरे, परंतु वनात राहणाऱ्यांच्या तोंडची नावेही त्यांनी तितक्याच आदराने टिपली होती. आमच्या मते प्रारंभ दगडफुलापासूनच करावा, ते नाव कोठे चुकते हे दाखवावे आणि मगच 'शैवाक' शब्द हाती द्यावा.

पुढील फेरीस तोच तरुण किराणा दुकानातील दगडफुलाची पुडी घेऊन आला होता. ती त्याने बाईंच्या ओंजळीत रिकामी केली. दोन-तीन तुकड्यांच्या खालच्या बाजूस झाडाची साल अजून चिकटलेली होती.