कॉम्प्युटर अडतो कुठे, ते आधी पाहा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नेहमीचा आधार थांबवला. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे गावच्या घरांतले कितीतरी चालते कॉम्प्युटर एकदम ‘जुने’ ठरले. हरमलला माझ्या मामांचा २०१२ सालचा डेस्कटॉप त्यातलाच.

तो भंगारात देणे शक्य नव्हते. भजनी मंडळाचे हिशेब मामा त्यावरच लिहितात. शिवाय त्याच्या डी ड्राइव्हमध्ये आजीच्या आवाजातली धालोची गाणी होती. पौषात मांडावर बायका समोरासमोर रांगा करून म्हणतात ती. आजी आता नाही आणि त्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मामी म्हणाल्या, “कॉम्प्युटर गेला तर गेला. आईंचा आवाज तेवढा सांभाळ.”

चवथीच्या सुट्टीत आम्ही त्यावर मोफत मिळणारे ‘लिनक्स मिंट’ टाकायचे ठरवले. पण सुरुवात इन्स्टॉलेशनने केली नाही. आधी हार्ड डिस्क बाहेर काढली, वेगळा वीजपुरवठा असलेल्या साटा-यूएसबी केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली आणि गाणी दोन ठिकाणी उतरवली. प्रत्येक फाइल वाजवूनही पाहिली. हे महत्त्वाचे, कारण इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला, तर सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्हही पुसला जातो.

मग खरी परीक्षा सुरू झाली. पहिल्यांदा फाइल कॉपी होताना इन्स्टॉलेशन मध्येच थांबले. दुसऱ्यांदा ते बरेच पुढे जाऊन थांबले. तिसऱ्यांदा तर पडदाच काळा झाला. एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केले, “डिस्क गेली, नवीन घाला.”

अशा वेळी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: दर वेळी एकाच जागी अडते की वेगवेगळ्या? एकाच जागी अडत असेल, तर बहुतेक वेळा उतरवलेली फाइल किंवा पेनड्राइव्ह खराब असतो. जागा बदलत असेल, तर संशय रॅमवर, उष्णतेवर किंवा वीजपुरवठ्यावर जातो.

आमची जागा बदलत होती. फाइलचा चेकसम जुळवला, तो बरोबर निघाला. पंख्यावरची धूळ झाडली, तरी फरक नाही. मग पेनड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट ८६ प्लस’ चालवले. काही मिनिटांतच लाल ओळी दिसू लागल्या. रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यांची टोके काळवंडली होती. कॉम्प्युटरची वायर काढून ती खोडरबरने हलकेच पुसली, तरी चुका तशाच. मग एका वेळी एकच पट्टी लावून, दोन्ही खाचांत तपासली. एक पट्टी दोन्हीकडे नीट चालली, दुसरी दोन्हीकडे चुकली. म्हणजे खाच ठीक, पट्टी बिघडलेली. डिस्कचा काही दोष नव्हता.

उरलेल्या ४ जीबीवर मिंट पहिल्याच फटक्यात बसले. पण ब्राउझर साइट उघडेना. पाहिले तर घड्याळ २०१२ साल दाखवत होते. तारीख चुकीची असली, की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा छोटा सेल बदलला आणि तीही अडचण सुटली.

तरुण मित्रांनो, घरचा कॉम्प्युटर अडला, तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते वहीत लिहून ठेवा. रॅमची पट्टी बाजारात मिळते, आजीचा आवाज मिळत नाही. म्हणून पुढच्या खेपेला गावी जाल, तेव्हा कॉम्प्युटर बंद पडायची वाट न पाहता जुने फोटो आणि रेकॉर्डिंग यांच्या दोन प्रती करा. त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.